लाइट न गेलेली संध्याकाळ

परतवाड्याजवळ प्राजक्ता काळमेघचं गाव होतं, तिथे तिच्या नोकरीच्या जागेला सगळे ‘बंद कारखाना’ म्हणत. ती अमरावतीच्या बाहेर, मोर्शी रस्त्यावरच्या एका वीज केंद्रात इंजिनीयर होती. केंद्र नैसर्गिक वायूवर चालणारं होतं. तिथे कोळशाचे ढीग नव्हते, राख नव्हती आणि चिमणीतून धूरही दिसत नसे. धूर नाही म्हणजे बंद, असा गावाचा साधा हिशेब होता.

तो अगदीच चुकीचाही नव्हता. गॅस महाग, म्हणून त्याच्यावरची वीजही महाग. त्यामुळे स्वस्त वीज मिळत असेल तोवर या केंद्राला कोणी हाक मारत नसे. प्राजक्ताला तिथे लागून तीन वर्षं होत आली होती आणि एवढ्या काळात यंत्र फक्त चाचणीपुरतं, थोडा वेळ फिरलं होतं. बाकीचे दिवस ते तयार ठेवायचं. टर्बाइनचा जड दांडा एका जागी राहून वाकू नये म्हणून अधूनमधून हळूहळू फिरवायचा, तेलाचे पंप बघायचे, गॅस कुठे गळत नाही ना ते तपासायचं. हे काम ती मन लावून करायची. पण घरी गेलं की शेजारच्या गोदाबाई विचारायच्याच, “काय व प्राजक्ता, चालू झाला का तुहा कारखाना?” आणि उत्तराची वाट न बघता हसायच्या.

वडील खुशालराव हसत नसत, पण काही बोलतही नसत. त्यांची संत्र्याची बाग होती. झाडाला फळ दिसतं, कापसाला बोंड दिसतं. पोरीच्या कामाचं काय दिसतं, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

मे महिन्यात धाकट्या बहिणीचं, आचलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. मुलगा अकोल्याचा, विपुल नावाचा, शाळेत शिक्षक. रविवारी संध्याकाळी परतवाड्याच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. प्राजक्ताला सकाळची पाळी होती. दुपारी तिच्यासोबतचा इंजिनीयर पुष्कर येणार, त्याच्या हाती पाळी देऊन ती निघणार, असं आठवडाभर आधीच ठरलेलं होतं. नवी साडी, आचलसाठी घेतलेल्या बांगड्या, सगळं पिशवीत भरून तिने खुर्चीमागे ठेवलं होतं.

त्या आठवड्यात ऊन असं होतं की अकोल्याच्या तापमानाचा आकडा रोज बातम्यांत सगळ्यात वर असे. दुपारी अमरावतीच्या रस्त्यांवर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. पुष्कर दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होता. रविवारी जेवणाच्या वेळी त्याच्या बायकोचा फोन आला. त्याला ऊन लागलं होतं, दवाखान्यात सलाइन लावलं होतं.

“त्याला म्हणावं आराम कर,” असं सांगून केंद्राचे प्रमुख कमलाकांत देव यांनी फोन ठेवला. देव मूळचे अमरावतीचेच. वकिलांच्या घरातले, पण यंत्रांच्या नादाला लागलेले. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. ते प्राजक्ताकडे बघून म्हणाले, “काळजी करू नको. यंत्र बंदच आहे, मी आणि कुंदन बसतो. तू वेळेवर नीघ.”

ती पिशवी उचलायला वाकली तेवढ्यात दुसरा फोन वाजला. तो लोड डिस्पॅचचा होता. राज्यात कुठे किती वीज तयार करायची आणि कुठे किती द्यायची, हे जिथून ठरतं ते ठिकाण. देव ऐकत गेले आणि हळूहळू खुर्चीत सरळ बसले.

फोन ठेवून ते म्हणाले, “कोळशावरच्या एका औष्णिक केंद्रातला मोठा संच बॉयलरची नळी फुटून बंद पडलाय. आत्ता ऊन आहे तोवर सौर वीज आहे, म्हणून निभावतंय. पण सूर्य मावळला की सौर जाणार आणि कूलर, एसी तसेच चालू राहणार. संध्याकाळी तूट पडेल. त्यांना सूर्यास्ताच्या आधी आपलं यंत्र हवंय.”

“कोळशाचा दुसरा संच?”

“थंड संच आत्ता पेटवायला घेतला तर उद्या सकाळ उजाडेल. म्हणून तर आपली आठवण झाली.”

प्राजक्ता पिशवी हातात धरून उभी राहिली. नियम दोघांनाही पाठ होता. यंत्र सुरू करताना अधिकृत परवानगी असलेली दोन माणसं लागतात, एक नियंत्रण कक्षात आणि एक बाहेर गॅसच्या जागेवर. पुष्कर दवाखान्यात होता आणि तंत्रज्ञ कुंदनला ती परवानगी नव्हती. उरले ते दोघेच.

देव म्हणाले, “हे बघ, मी त्यांना सांगू शकतो, की माणूस नाही, यंत्र उपलब्ध नाही. असं सांगणं काही गुन्हा नाही. ते दुसरी काही सोय करतील, नाहीतर आळीपाळीने थोडे थोडे भाग बंद ठेवतील. बहिणीचं साक्षगंध पुन्हा होत नाही. तू जाते म्हणालीस तर मी आत्ता फोन लावतो.”

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं आणि प्राजक्ताला ते कळलंही. ‘जाते’ म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर समोर गेली. काचेपलीकडे ते लांबलचक यंत्र पत्र्याच्या घरात गप्प पडलेलं होतं. तीन वर्षं तिने ते पुसलं, तपासलं, हळूहळू फिरवलं होतं. आज त्याला खरंच बोलावणं आलं होतं.

“मी थांबते, सर,” ती म्हणाली आणि पिशवी परत खुर्चीमागे ठेवली.

मग तिने घरी फोन लावला. आई, पार्वताबाई, फोनवर आली तेव्हा मागे बायकांचा गलका होता.

“निघाली का व तू?”

“आई, माह्यं येणं नाई होऊन राहिलं.”

“नाई होऊन राहिलं म्हंजे?”

“कारखाना चालू कराचा हाय. दुसरा माणूस बिमार पडला.”

आई गलक्यातून बाजूला आली. मग पार्वताबाईंचा आवाज चढला. “तीन वर्स झाले तुले तिथं जाऊन. कवा चालू झाला नाई, अन् आजच चालू कराचा हाय? सोयरे अकोल्याहून निघाले बी. त्याइले मी काय सांगू? पोरीची मोठी बहीण काहून नाई आली म्हणून विचारतीन ना चार लोक!”

“सांग का ड्युटी लागली.”

“बंद कारखान्यात कायची आली ड्युटी!”

फोन आचलने ओढून घेतला. “ताई, खरंच नाई येऊन राहिली तू?” प्राजक्ता नाही म्हणाली. आचल रागावली नाही, रडलीही नाही. “बरं,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. आईच्या ओरडण्यापेक्षा ते ‘बरं’ प्राजक्ताला जास्त लागलं.

कामाला लागल्यावर मात्र विचार करायला सवड राहिली नाही. देव हेल्मेट घालून बाहेर गॅसच्या जागेवर गेले. पाइपलाइनमधून येणाऱ्या गॅसचा दाब ते फोनवर सांगत होते आणि प्राजक्ता पडद्यावरच्या आकड्यांशी जुळवत होती. कुंदन टर्बाइनपाशी उभा होता. तेलाचे पंप, थंड करणारं पाणी, झडपा, एकेक गोष्ट बरोबर असल्याची खात्री झाल्यावर तिने सुरू करण्याची आज्ञा दिली.

आधी मोटरने टर्बाइन फिरू लागलं. आत जुना गॅस राहिला असेल तर तो निघून जावा म्हणून नुसती हवा फुंकत राहायचं, मग ठिणगी. प्राजक्ताचं लक्ष पडद्यावर ज्योत दाखवणाऱ्या चौकोनावर होतं. ठिणगी पडली, गॅस सुटला, पण चौकोन काळाच राहिला. यंत्राने स्वतःच गॅस तोडला आणि धोक्याची घंटा वाजली.

“ज्योत दिसली नाही, सर,” ती फोनवर म्हणाली.

“पेटलंच नाही, की पेटलं आणि दिसलं नाही?” देवांनी विचारलं.

तिने तापमानाचे आकडे मागे जाऊन पाहिले. गॅस सुटल्याबरोबर ते क्षणभर वर चढले होते. म्हणजे आत पेटलं होतं. ज्योत बघणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यालाच ती दिसली नव्हती. “डोळ्याची काच धुरकट झाली असणार,” ती म्हणाली. कुंदन आणि देव काच खोलून साफ करायला लागले. पत्र्याच्या त्या घरात उभं राहणंसुद्धा कठीण होतं.

लोड डिस्पॅचवरून पुन्हा फोन आला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती, पण तिच्या मागे दहा जणांचे आवाज होते. “किती वेळ लागेल?”

“काच साफ होतेय. मग पुन्हा हवा फुंकावी लागेल. त्याशिवाय पेटवता येणार नाही.”

“तेवढा वेळ कमी करता येईल का?”

“नाही, मॅडम,” प्राजक्ता म्हणाली. “आत गॅस राहिला असेल आणि तसाच पेटवला तर यंत्रही जाईल आणि माणसंही.”

“ठीक आहे. मी वाट बघते.”

खिडकीबाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं. प्राजक्तासमोरच्या पडद्यावर फ्रिक्वेन्सीचा आकडा होता. देशभर वीज वापरणारे आणि वीज बनवणारे यांचा मेळ बसला की तो पन्नासाच्या आसपास राहतो. आता तो जरा खाली सरकला होता. फार नाही, पण वर यायला तयार नव्हता.

कुंदनने अंगठा दाखवला. दुसऱ्यांदा टर्बाइन फिरलं, हवा फुंकली गेली, ठिणगी पडली. चौकोन हिरवा झाला. प्राजक्ताने नजर वेगाच्या आकड्याकडे वळवली. वेग वाढत गेला. आधी घरघर, मग शिट्टीसारखा आवाज, मग तो आवाज इतका भरला की खिडकीची काच बोटाखाली थरथरू लागली. पूर्ण वेग आला. बाहेरच्या विजेच्या तालाशी यंत्राचा ताल जुळायची तिने वाट पाहिली आणि जुळल्याबरोबर ब्रेकर लागला. कुठेतरी ‘खाट’ असा आवाज झाला. यंत्र राज्याला जोडलं गेलं.

देव आत आले तेव्हा त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी पडद्यावरचा चढता आकडा पाहिला आणि माठातलं पाणी पेल्यात ओतून आधी तिच्यासमोर ठेवलं. “पी,” ते म्हणाले.

अंधार पडला. सौर विजेचा आकडा उतरत शून्यावर गेला, यंत्र पूर्ण भाराने चालत राहिलं आणि फ्रिक्वेन्सी जागेवर टिकून राहिली. जरा उसंत मिळाल्यावर प्राजक्ताने मोबाइल उघडला. फोटो आले होते. हिरव्या शालूत आचल, तिची ओटी भरणारी सासू, पांढऱ्या टोपीतले बाबा, मागे मोठाले कूलर आणि छताला दिव्यांच्या माळा. सगळे घामेजलेले, पण खुशीत. कोणीही लिहिलं नव्हतं की लाइट होती. कोण लिहील? तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला. आचलच्या हातात दुसऱ्याच कोणीतरी दिलेल्या बांगड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईने फोन उचलला नाही. दुपार कलल्यावर गेटवरून देवांना निरोप आला, “प्राजक्ता मॅडमचे बाबा आलेत.”

खुशालराव बागेच्या औषधासाठी अमरावतीला आले होते आणि तिथून ऑटो करून थेट केंद्रावर. हातात डबा होता. पण त्या संध्याकाळीही यंत्र हवं होतं आणि प्राजक्ता नेमकी सुरू करायच्या तयारीत होती. तिला उठता येणार नव्हतं. तिला न सांगताच देव स्वतः गेटवर गेले. खुशालरावांच्या टोपीवर हेल्मेट चढवून त्यांना आत घेऊन आले आणि नियंत्रण कक्षाच्या मागच्या बाजूला एका खुर्चीत बसवलं. “आता बोलायचं नाही हं, खुशालराव,” ते हळूच म्हणाले आणि बाहेर गॅसच्या जागेवर गेले.

खुशालराव डबा मांडीवर घेऊन बसले. समोर पोरीची पाठ होती. ती फोनवर कोणाशी तरी तुटक बोलत होती, हात पुढे जात होता, थांबत होता, मान एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जात होती. मग बाहेर काहीतरी घरघरायला लागलं आणि त्यांच्या पायाखालची फरशी बारीक थरारली. त्यांनी खिडकीतून चिमणीकडे पाहिलं. धूर नव्हता, पण चिमणीच्या तोंडावरचं आभाळ तापल्या तव्यावरच्या हवेसारखं हलत होतं.

यंत्र भाराला लागल्यावर देव आत, प्राजक्ताच्या खुर्चीशी आले. “जा, मी बघतो,” ते म्हणाले. तेव्हा ती वळली आणि वडिलांना पाहून चपापली.

दोघं बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. कुंदनने चहा आणून दिला.

“बाबा, कवा आले तुमी?”

“लय वेळ झाला. तुह्या मांगंच बसलो होतो. तू एकदा पाह्यलं नाई.”

“कळलंच नाई मले.”

“हं.” खुशालरावांनी बशीत चहा ओतला. “झाडाले पाणी देऊन राहिलो असलो त मले बी कळत नाई कोन आलं अन् कोन गेलं.” फुंकर घालून त्यांनी घोट घेतला. “मी तुले चार शब्द सुनवाले आलतो. रातभर तुही माय बडबडत होती. तिनंच पाठवलं मले.”

“मंग बोला ना.”

“आता काय बोलू?” ते म्हणाले. त्यांनी मान यंत्राच्या आवाजाकडे वळवली. मग विचारलं, “हे रोजच काहून नाई चालवत? एवढं चांगलं चालते त.”

“गॅस महाग पडते, बाबा. कोळसा म्हंजे घरची चूल. पेटवाले वेळ लागते, पण पेटली का दिवसभर सैपाक होते. हे गॅससारखं. अचानक पाहुणे आले का चावी फिरवली अन् पेटलं. दिवसा आता सौर हायच. पण सूर्य गेला का कोनीतरी लागते ना.”

“अन् काल आमच्या हॉलात जे लाइट होते, थे तुहेच होते का?”

ती हसली. “तसं नाई सांगता येत. सगळ्या विहिरीचं पाणी एकाच पाटात सोडलं, अन् आपल्या वाफ्यात कोन्या विहिरीचं आलं, कसं सांगान?”

“मंग घरी मी काय सांगू?”

“सांगा का लाइट गेली नाई.”

“लाइट गेली नाई, हे काय सांगाची गोष्ट हाय?” खुशालराव म्हणाले आणि स्वतःच विचारात पडले.

प्राजक्ताने डबा उघडला. आलूवांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. पुरीचा घास मोडता मोडता ती म्हणाली, “बाबा, एक सांगू? मले येता आलं असतं. सर जा म्हणत होते. मीच थांबली.”

“काहून?”

“मले चालवाचं होतं.”

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रिकामी बशी पालथी घालून त्यांनी बाकावर ठेवली. “तुह्या मायले हे नको सांगू,” ते म्हणाले. “आचलले सांगजो. थे तुह्यासाठी घडीघडी दाराकडं पाहे.”

त्या उन्हाळ्यात यंत्र जवळपास रोज संध्याकाळी चाललं. पुष्कर बरा होऊन कामावर आल्यावर प्राजक्ताला एक सुट्टी मिळाली आणि ती आचलबरोबर लग्नाच्या साड्या घ्यायला अकोल्याला गेली. दुपारभर दुकानं फिरून दोघी रसवंतीत बसल्या तेव्हा तिने सगळं सांगितलं, अगदी ‘मीच थांबले’ यासकट. आचलचा हात ग्लासवरच राहिला.

“म्हंजे तुले येता येत होतं.”

“हो.”

“मले वाटलं, तुले त्याइनं अडवलं. मी सगळ्याइले तेच सांगत होती. तुह्यासाठी भांडली मी माह्या होणाऱ्या सासूसंगं.” आचलचे डोळे भरून आले. तिने ओढणीने पुसले आणि उरलेला रस एका दमात प्यायला. बसस्टँडपर्यंत ती पुढे पुढे चालली. सगळ्या पिशव्या तिने प्राजक्तालाच उचलायला लावल्या. बसमध्ये खिडकीची जागा घेतली आणि अकोला मागे पडल्यावर प्राजक्ताच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. प्राजक्ताने घेतलेल्या बांगड्या तेव्हा तिच्या हातात होत्या.

लग्न जूनमध्ये झालं. आभाळ भरून आलं होतं, उकाडा ओसरला होता आणि अमरावतीचं यंत्र पुन्हा गप्प झालं होतं. प्राजक्ता चार दिवसांची रजा घेऊन आली. पार्वताबाई तिच्याशी बोलत होत्या, पण कामापुरतंच. हळदीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं, डीजे वाजत होता, आणि ऐन हळद लावताना लाइट गेली. गाणं अर्ध्यात तुटलं. अंगणातली सगळी तोंडं एकदम प्राजक्ताकडे वळली.

“पाहून काय राहिली?” पार्वताबाई ओरडल्या. “तुह्याच खात्याचं हाय ना? कर ना चालू!”

“आई, तो डीपीचा फ्यूज गेला असन. लाइनमनले फोन करा लागते.”

“मंग तू काय कामाची?”

गोदाबाई मोठ्याने हसल्या. तेवढ्यात खुशालराव ओट्यावर उभे राहिले. अकोल्याचे सोयरे कोपऱ्यात बसले होते, त्यांच्याकडे तोंड करून ते सांगू लागले. डीपीचं काम वेगळं आणि प्राजक्ताचं वेगळं. तिचं यंत्र कसं असतं, सूर्य गेल्यावर कसं लागतं, त्याला धूर का नसतो. अर्धं त्यांनी बरोबर सांगितलं, अर्धं संत्र्याच्या बागेतलं मिसळलं. सोयरे मान डोलवत राहिले. विपुलच्या वडिलांनी तर विचारलंही, “मंग साक्षगंधाच्या दिवशी त्या तिथंच होत्या?”

“तिथंच,” खुशालराव म्हणाले. “त्या दिवशी लाइट गेली का? नाई गेली ना?”

पार्वताबाई हळदीची वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या. नवऱ्याला एवढं लांबलचक बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या वळल्या, बोटं वाटीत बुडवली आणि प्राजक्ताच्या दोन्ही गालांना हळद फासली, जरा जोरातच.

“जाय,” त्या म्हणाल्या, “लाइनमनले फोन लाव. तुह्यं तरी ऐकते का पाहू.”

प्राजक्ता हसत हसत, गाल न पुसताच मोबाइल शोधायला घरात गेली.